नागीण सुकेपर्यंत

माझ्या नातीला सगळ्यांनी घेतलं, मी सोडून. विहीणबाईंनी घेतलं, त्यांच्या बहिणीनं घेतलं, त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरणीनंसुद्धा घेतलं, जिचा आणि आमचा काडीचा संबंध नाही. आमचे हे तर रोज संध्याकाळी जाऊन तिला घ्यायचे आणि घरी आल्यावर दारात उभं राहून मला त्याचं वर्णन ऐकवायचे. मी मागच्या खोलीत पलंगावर कुशीवर पडून ऐकायची. माझ्या पाठीवर नागीण उठली होती.

लेकीचं बाळंतपण तिच्या नोकरीच्या गावी झालं होतं. ते गाव लांब, बाळ जरा अशक्त, तेव्हा इतक्यात गर्दी करू नका असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून आम्ही थांबलो. तेवढ्यात जावयाला परदेशात काम मिळालं आणि तो पुढे गेला. मागोमाग लेक बाळाला घेऊन जाणार, पण त्याआधी सगळ्यांना भेटून. ठरलं असं होतं की आधी काही दिवस सासरी, मग उरलेले माझ्याकडे, आणि मग विमान. परत यायचं ते दोन-अडीच वर्षांनी. तोवर पोर चालायला शिकणार, बोलायला शिकणार, आणि आजी नावाची कुणी बाई असते हे तिला फोनच्या काचेवरून शिकावं लागणार. माझ्या हक्काचे होते ते एवढेच दिवस. मी मागची खोली रिकामी केली, पडदे धुतले, पलंगाचा करकरणारा पाय ह्यांच्याकडून घट्ट करून घेतला.

ती माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी बरगडीच्या मागे आग व्हायला लागली. मला वाटलं, ट्रंका उचलल्या, शीर भरली असेल. मग पुरळ दिसलं. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी दुकानातलं भिंग आणलं, कुणाच्या चष्म्याची काच तपासावी तशी माझी पाठ तपासली आणि म्हणाले की हे घामोळं नाही, चप्पल घाल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, त्याच विषाणूनं इतकी वर्षं नसेत दबा धरला होता, आता वर आलाय, असं त्या म्हणाल्या. वेळेत आलात, हे औषध सुरुवातीलाच घेतलं तर चांगलं लागू पडतं. मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. गोळ्या सकाळ, दुपार, रात्र, सारख्या अंतरानं. फोड बरे दिसायला लागले तरी मधेच थांबवायच्या नाहीत. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाहीत. आणि पाणी भरपूर, दिवसभर. आणखी काय औषधं चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. मी रक्तदाबाची गोळी सांगितली. गुडघ्याची सांगितली नाही, कारण गुडघ्याची गोळी मी कितीतरी वर्षं चहाबरोबर घेत आलेय आणि तिला मी कधी औषधात धरलंच नव्हतं.

"आजी, लक्षात राहील ना सगळं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मला आजी म्हणू नका. अजून नात हातात आलेली नाही."

मग मी माझा एकच प्रश्न विचारला. बाळाला केव्हा घेता येईल? त्यांनी लेकीची चौकशी केली. तिला कधी कांजिण्या झाल्या होत्या का, लस घेतली होती का. दोन्ही नाही. मग त्यांचा चेहरा जरा बदलला. आईकडेच संरक्षण नाही तर बाळाला कुठून मिळणार, म्हणाल्या. तुमच्या फोडांतलं पाणी तिला लागलं तर तिला कांजिण्या होतील, आणि एवढ्या तान्ह्या जिवाला त्या झेपतील असं नाही. शेवटचा फोड सुकून त्याच्यावर खपली धरली की मग खुशाल घ्या. साधारण आठ-दहा दिवस. मी तिथल्या तिथे मनात दिवस मांडले. विमानाच्या आधी एखाद-दोन दिवस उरत होते. एवढे मला पुरले असते.

केमिस्टनं पाकीट देताना पाण्याचं पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली.

आता पाण्याचं काय ते सांगते. मी तीस वर्षं शहराची बस चालवली. पहाटेची पाळी असो की दुपारची, गाडी डेपोतून निघाली की फेऱ्या संपेपर्यंत खाली उतरायची सोय नसायची. पुरुष ड्रायव्हर कुठेतरी आडोसा गाठायचे. बाईमाणसानं कुठे जायचं? म्हणून मी पाणीच प्यायची नाही. निघताना चूळ भरायची, ओठ ओले करायचे, बास. पहिली दोन वर्षं घसा कोरडा पडायचा, मग घशानं तक्रार करणं सोडलं. निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी मला तहान म्हणून लागत नाही. ह्यांना ते अजब वाटतं. डेपोतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी अशाच आहेत, त्यामुळे मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी पक्की होते. वेळेवर गाडी सोडायची सवय हाडात मुरलेली. घड्याळाचा काटा जागेवर आला की गोळी तोंडात आणि वर एक घोट. एकही चुकवली नाही. ह्यांनी रोज सकाळी एक जग भरून उशाशी ठेवायला सुरुवात केली, संध्याकाळपर्यंत रिकामा झाला पाहिजे असा दम भरून. मी थोडं प्यायले. पण प्यायलं की उठावं लागायचं, आणि उठलं की पाठीत सळ निघायची, नुसतं कापड घासलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. शिवाय मला वाटायचं, काम करते ती गोळी. पाणी आपलं घशाखाली उतरवण्यापुरतं. खिडकीत मनीप्लांटची कुंडी होती. जग तिच्यात रिकामा व्हायला लागला. हे खूष, मनीप्लांट खूष, मीही खूष. आणि ठणका फार झाला की मी गुडघ्याची गोळी एकदाच्या ऐवजी दोनदा घ्यायला लागले, कारण ती माझीच तर होती.

लेक सासरीच राहिली. फोनवर बोलायचो, पण फोनवर बाळ म्हणजे एक गाल आणि छत. खरं बाळ मला आमच्या ह्यांच्या तोंडून मिळायचं. त्यांनी तिचं नाव गठुडं ठेवलं होतं. गठुडं आज तीनदा शिंकलं. गठुड्यानं माझा चष्मा ओढला. विहीणबाई म्हणतात तिचं नाक त्यांच्यावर गेलंय, पण ते नाक आहे कुठे अजून, नुसतं बटण आहे. मी हसायची आणि हसल्यावर पाठ दुखायची. मग विचारायची, जड आहे का हो? ते हातांचा पाळणा करून अंदाज द्यायचे, एवढी. रिकाम्या हातांकडे मी बघत राहायची. मला ती हवी होती. दुसरा शब्द नाही. भूक लागावी तशी हवी होती, आणि विहीणबाईंचा मला इतका राग यायचा की त्यांनी पाठवलेल्या फळांना मी तीन दिवस शिवले नाही. त्यात त्या बिचारीचा काय दोष, पण राग यायचा खरा.

मग एका दुपारी ती आली.

मी उशीला टेकून बसले होते. दोन दिवस अंगात सुस्ती होती, हात जरा थरथरत होते, बोलताना साधेसाधे शब्द सापडत नव्हते. मी म्हटलं, दुखण्याचा शीण. आणि पाहते तर मांडीवर बाळ. गरम, ओलसर, झोपलेलं. डोक्यावर मऊ जावळ आणि त्यात दोन भोवरे, एक बरोबर मध्यावर आणि एक डावीकडे सरकलेला. मी त्या भोवऱ्यांवरून बोट फिरवलं. मला इतकं बरं वाटलं की मी देवाला, डॉक्टरीणबाईंना, विहीणबाईंना, सगळ्यांना एका दमात माफ करून टाकलं.

हे जेवायला म्हणून दुकानातून आले. मी त्यांना खुणावलं की हळू, आत्ताच झोपलीय. आणि म्हणे मी त्यांना असंही सांगितलं की कंडक्टर, घंटी वाजवू नकोस, बाळ उठेल. त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं. मांडीवर उशी होती.

माझा नवरा एरवी चष्म्याचा स्क्रू शोधताना अख्खं घर डोक्यावर घेतो. त्या दुपारी आवाज न चढवता त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि घरात माझ्या नावाची जी काय औषधं होती ती सगळी एका पिशवीत भरली, गुडघ्याच्या गोळ्यांसकट. मला उशी घेऊनच टॅक्सीत बसवलं. मी सोडायला तयार नव्हते.

इस्पितळात रक्त काढलं. माझं मूत्रपिंड मंदावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी पलंगावर रिकामी केली, गुडघ्याची गोळी उचलून बाजूला ठेवली आणि ही कुणी लिहून दिली असं विचारलं. मग पाण्याचं विचारलं. हे छाती पुढे काढून म्हणाले, रोज एक जग, मी स्वतः भरून देतो. त्यावर मी सलाइनच्या नळीकडे बघत कुंडीचं सांगितलं. ते ऐकून ह्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ समजावून सांगितलं. हे औषध आपलं काम करून लघवीवाटे बाहेर जातं. पाणीच नसेल तर ते जाणार कसं? अंगात साठत राहतं, मूत्रपिंडावर ताण येतो, वर दुखण्याची ती दुसरी गोळी त्याच मूत्रपिंडाला आणखी दमवते, आणि मग साठलेलं औषध डोक्यात चढतं. तुमच्या वयात हे लवकर होतं. तुम्ही गोळी वेळेवर घेतलीत, पण औषध अर्धंच घेतलंत. गोळ्या थांबवल्या. दोन दिवस सलाइन चाललं. मूत्रपिंड वळणावर आल्यावर उरलेल्या गोळ्या कमी मात्रेत पुन्हा सुरू केल्या, आणि गुडघ्याची कायमची बंद.

डोकं हळूहळू स्वच्छ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे खुर्चीत बसून नख कुरतडत होते, तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं, "गठुड्याला दोन भोवरे आहेत ना?"

"एकच आहे. आणि जावळ कुठलं, टक्कल आहे नुसतं." मग म्हणाले, "दोन भोवरे आपल्या पोरीला होते."

होते खरे. एक मध्यावर, एक डावीकडे. म्हणजे मी घेतली होती ती नात नव्हतीच, लेक होती. ती एवढी होती तेव्हा मला नुकतीच बसवर पहाटेची पाळी मिळाली होती. अंधारात निघायचं, पोर झोपलेली. परत यायचं तर कुणीतरी तिला भरवून निजवलेलं. गाडी सिग्नलला थांबली की माझा हात स्टिअरिंगवर नुसताच गोल फिरायचा, तिच्या डोक्यावरून फिरवल्यासारखा. मागचे प्रवासी घाई करायचे. तेव्हा वाटायचं, नातवंडं होतील तेव्हा मी घरीच असेन, तेव्हा पोटभर घेईन. ते तेव्हापासून साठवलेलं होतं माझ्या हातांत, म्हणून तर मला एवढी घाई.

घरी आल्यावर मी पाणी प्यायला शिकले. या वयात. हे समोर बसायचे आणि ग्लास संपेपर्यंत हलायचे नाहीत. खिडकीतल्या कुंडीला त्यांनी बाहेर काढलं, साक्षीदार नको म्हणून. फोड एकेक करून सुकत होते. हे रोज भिंग घेऊन पाहायचे आणि वार्ता द्यायचे, वरची रांग झाली, मधली झाली. पण नागीण सुकताना खाज सुटते, आणि ती अशी की झोपेतही हात मागे जातो. माझी नखं ह्यांनी कापली. तरी हात जायचाच.

लेक जायच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली. सगळ्या खपल्या होत्या. फक्त खाली, कंबरेच्या जरा वर, उशिरानं आलेला एक फोड अजून ओला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या की तो झाकता येईल, पट्टी लावू, वर कपडे आहेत, हात स्वच्छ धुवा. धोका अगदी थोडा. पण शून्य आहे असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. आणखी दोन दिवस मिळाले असते तर सांगितलं असतं.

दोन दिवस नव्हते. विमान संध्याकाळी होतं.

टॅक्सीत हे मला म्हणाले की थोडा म्हणजे किती थोडा, अगं, पट्टी लावली आहे, मी तुझे हात धुऊन देतो, पाच मिनिटं घे आणि सोड. मीही मनात तेच म्हणत होते. घरी येऊन मी हात कोपरापर्यंत धुतले, धुतलेली साडी नेसले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिले.

लेकीची टॅक्सी आली. सामान गाडीतच ठेवून ती बाळाला घेऊन जिन्याच्या तळाशी आली. मधे दहा-बारा पायऱ्या. पहिल्यांदा मी नातीला आख्खं पाहिलं. दुपट्यातून एक पाय बाहेर आला होता आणि ती तो पाय कुणावर तरी रागावल्यासारखी झाडत होती. नाक खरंच बटणाएवढं होतं.

लेक म्हणाली, "आई, बाबांनी सांगितलंय मला सगळं. एकच फोड आहे ना? झाकलाय ना? घे तिला. मी वर येते."

मी येऊ दे म्हणणार होते. शब्द जिभेवर होता. एक पायरी खालीही उतरले. आणि मला कळलं की माझा उजवा हात कंबरेमागे आहे. पदराच्या आत, पट्टीच्या कडेखाली, बोटं खाजवताहेत. केव्हा गेला तो हात, मला पत्ता नाही. आत्ता तर धुतला होता.

"थांब तिथेच," मी म्हटलं.

ती थांबली. तिला वाटलं, माझ्या पाठीत कळ आली. मी हात पुढे आणून तिला दाखवला. बोटांची टोकं ओली होती.

"मग पुन्हा धू," ती म्हणाली. "आई, मी थांबते. धू आणि ये."

"धुतलेलाच आहे. तो माझं ऐकत नाही, बाळा. पोर एकदा अंगाशी आली की मी पाच मिनिटांत देणार नाही, आणि हा परत जाईल. मला माहीत आहे."

ती तिथेच रडायला लागली. आई रडतेय म्हटल्यावर बाळानंही सूर लावला, चांगला खणखणीत. छातीत दम आहे पोरीच्या. रडणं थांबवायला दोन्ही हात आपोआप पुढे झाले होते माझे, ते मी मागे घेतले आणि कठडा धरला.

"मोठी झाल्यावर हिला काय सांगू मी?" लेकीनं विचारलं. "आजीनं का नाही घेतलं?"

"सांग, आजीला खाज सुटली होती."

ती रडतारडता हसली, मला तेवढंच हवं होतं. हे त्यांच्याबरोबर विमानतळापर्यंत गेले. बाळ ह्यांच्याच खांद्यावर होतं. मी कोपऱ्यावर टॅक्सी वळेपर्यंत उभी राहिले, आणि मग खाली बसले, त्याच पायरीवर, आणि मला जेवढं रडायचं होतं तेवढं रडले. आम्ही ड्रायव्हर बायका सहसा रडत नाही, पण त्या दिवशी मला कुठे गाडी सोडायची नव्हती.

दोन दिवसांनी तो फोड सुकला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, दिव्याखाली पाहिलं आणि खुषीत म्हणाल्या की झालं, आता खुशाल कुणालाही घ्या.

घरी आले. हे टेबलाशी बसून कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होते. मी म्हटलं, जरा उठता का. ते उठले, हातात स्क्रू तसाच. काय झालं, विचारलं. काही नाही, म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिलीय. आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. अशी सवय आम्हाला दोघांनाही नाही, त्यामुळे ते जरा खांबासारखे ताठ झाले.

"इथेच झोपायची ती?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "डाव्या."

मी डोकं उचललं आणि डाव्या खांद्यावर ठेवलं.